डबा कातळात नको

नाणेघाटाच्या नळीत उतरताच मोबाइलवरचा ठिपका भरकटू लागतो. दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून आकाशाची जेमतेम पट्टी दिसते, उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतात आणि उघड्या पठारावर चार-पाच मीटरची असलेली चूक इथे कितीतरी पटींनी वाढते. जिओकॅशिंग, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून दडवलेला डबा (‘कॅश’) शोधण्याचा खेळ, खेळणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. सांगायचे आहे ते पुढचे. अशा जागी डबा दडवला, तर शोधणारा आसपासच्या प्रत्येक फटीत हात घालणार, दगड उपसणार, वाट सोडून घसाऱ्यावर चढणार. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात तर जिथे ठिपका भरकटतो, तिथेच बहुधा माणसाने कोरलेला कातळ असतो.

म्हणून किल्ले, लेणी, घाटवाटा आणि देवराया इथे डबा ठेवूच नये, अशी या मासिकाची भूमिका आहे. खेळ मात्र जरूर खेळावा.

या खेळाची सुरुवात डेव्ह उल्मर यांनी केली. त्यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जंगलात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने त्याआधी एक-दोन दिवसच काढून टाकली होती. तेव्हापासून डबा आणि नोंदवही हाच खेळाचा प्राण मानला गेला. पण २००४ पासून ‘अर्थकॅश’ही आहेत आणि त्यांत डबा नसतोच. जागेवर जायचे, भूरूप निरखायचे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कळवायची.

जुन्नरला यासाठी बोरी बुद्रुकपेक्षा चांगली जागा कोणती? तिथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. ही राख सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून फार जुनी, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. राखेचा रंग, थराच्या वरची आणि खालची माती, नदीपासूनची उंची एवढे प्रश्न पुरेत. राखेचा नमुना खिशात टाकून आणायचा मोह मात्र आवरायला हवा.

नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांची मोजदाद त्यात आहे आणि भारतातल्या अंकलेखनाचा तो फार जुना पुरावा आहे. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्यातल्या अंकांचा अभ्यास केला. मागच्या भिंतीवर सातवाहन कुळातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. इथेही डब्याऐवजी कोणत्या नावाखाली किती उरले, एवढेच विचारावे. मग शोधणारा एक फोटो काढून लगेच परतत नाही.

शिवनेरी तर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. तटाच्या सांध्यात डबी बसवण्यासाठी एक चिपी जरी काढली, तरी पुढच्या पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते. चावंड, हडसर, जीवधन यांच्या टाक्यांचे आणि पायऱ्यांचेही तेच.

आंबेगावात प्रश्न जंगलाचा आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. तिथे वनखात्याला न विचारता काही ठेवायचे नाही, हे उघड आहे. पण शेकरूच्या घरट्याचे किंवा दुर्मीळ आमरीचे अक्षांश-रेखांश जाहीर करणे डब्याहूनही घातक आहे, कारण ते मागे घेता येत नाहीत. आहुप्याच्या देवराईत गावाची रीत आधी विचारावी, मगच पाऊल टाकावे.

टप्प्याटप्प्याच्या कॅशसाठी याच तालुक्यात एक कथा तयार आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन प्राण देणारे बाबू गेनू हे महाळुंगे पडवळचे. डिंभे धरणाचा जलाशय त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते जुने आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे. पहिला टप्पा महाळुंग्याला, शेवटचा जलाशयाच्या काठावर. डब्याची हौस असेल तर ती इथे भागवावी. ग्रामपंचायतीला विचारून तो एखाद्या चहाच्या टपरीवर किंवा घरगुती जेवण देणाऱ्या घरी ठेवावा. वही कोरडी राहते, गावाशी बोलणे होते, चार पैसे तिथेच खर्च होतात.

कुणी गडावर किंवा लेण्यात आधीच डबा ठेवला असेल, तर पावसाळ्यापूर्वी स्वतः जाऊन तो उतरवावा आणि खेळाच्या संकेतस्थळावरची नोंदही बंद करावी. गटांनी आपापल्या परिसरातल्या एकेका जागेसाठी प्रश्न तयार करून मासिकाकडे पाठवावेत. पाठवण्याआधी दोन गोष्टी जागेवर तपासाव्यात: उत्तर इंटरनेटवर आयते मिळत नाही ना, आणि ते शोधताना कशालाही हात लावावा लागत नाही ना.