बिनपाण्याची हजामत

एखाद्याची खरपूस कानउघाडणी झाली की 'त्याची बिनपाण्यानं केली' असे आपण म्हणतो. काय केली, हे सांगण्याचीही गरज पडत नाही. कोरड्या गालावर वस्तरा फिरला म्हणजे काय यातना होतात, हे ज्या कोणा पूर्वजाने प्रथम सोसले असेल, त्याच्याच तोंडून हा वाक्प्रचार निघाला असावा. एरवी दाढी हा काही कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहिण्याचा विषय नव्हे. 'विज्ञान : शाप की वरदान' अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत साबणाची वाटी आणि ब्रश घेऊन बसायचे म्हणजे संकोचच. त्यातून सध्या आमच्या पिढीत दाढी राखण्याची फॅशन! वर्गावर नजर टाकावी तर निम्मे बाक ऋषिमुनींनी भरलेले दिसतात. तरीही हा विषय मी घेतला आहे, कारण रोज सकाळच्या या दहा मिनिटांच्या कामाने मला जे शिकवले त्याचा संबंध केवळ माझ्या गालांशी नाही.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. शिक्षणासाठी सांगलीला आलो तेव्हा आजोबांनी त्यांचा एका ब्लेडचा जुना रेझर माझ्या बॅगेत टाकला. त्यांची रीत ठरलेली होती. आधी तोंड धुवायचे. ओला पंचा गालावर थोडा वेळ दाबून धरायचा. मग ब्रश कोमट पाण्यात बुडवून साबणावर फिरवायचा आणि फेस गोल गोल चोळून केसांच्या मुळापर्यंत पोहोचवायचा. पहिला हात केस वाढतात त्या दिशेने. उलटा हात मारायचाच असेल तर पुन्हा फेस लावून. हात हलका, रेझरच्या वजनाइतकाच. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. "ब्लेडनं दाढी हुत न्हाय, पाण्यानं हुती," असे ते म्हणत.

आजोबांच्या या बोलण्यात शास्त्र आहे. केस पाणी शोषून घेतो आणि मऊ होतो. भिजलेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोराने कापला जातो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली याच विषयातली एक गमतीची गोष्ट दाखवून दिली. ब्लेडचे पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते. तरीही ब्लेड बोथट होते, आणि ते केवळ झिजून नव्हे. कापताना केस वाकतो, धारेवर तिरका येतो आणि जिथे पोलादाची घडण एकसारखी नसते तिथे धारेचा सूक्ष्म टवका उडतो. म्हणजे पन्नासपट बलवान असलेल्यालाही एक साधा केस जेरीस आणतो!

यातून विद्यार्थ्यांनी घ्यायचा बोध उघड आहे. जोर लावून काम होत नाही, पूर्वतयारीने होते. वर्षभर पुस्तक न उघडता परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड घेऊन बसणे, ही बिनपाण्याची हजामतच. विषय मनात भिजलेला नसतो. मग नुसती खरवड होते आणि निकालाच्या दिवशी तुरटी लावत बसावे लागते. असो. हा उपदेश आमच्या प्राध्यापकांनी अधिक चांगल्या शब्दांत केलेलाच आहे.

दुसरा धडा पाण्याच्या मापाचा. माण-खटावच्या माणसाला पाण्याचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायच्या कामावर होते. तेव्हा आठवड्यातून एकदा, एका तांब्यात, दाढी आणि तोंड धुणे दोन्ही उरकायचे, असे ते सांगतात. आजही त्यांना एक तांब्या पुरतो. सांगलीच्या वसतिगृहात मात्र मी पाहतो, नळ सोडलेला असतो, आरशासमोर गाणे चालू असते आणि कृष्णामाई मोरीतून वाहत असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातल्या मिरजेहून तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेले. ती गाडी आपल्या दारावरून गेली, पण आपल्या नळापर्यंत तिची शिटी पोहोचली नाही. ब्रश, वाटी आणि एक तांब्या ही जुनी पद्धत मला पसंत आहे ती यासाठीही.

आता तिसऱ्या धड्याकडे वळतो. खरे तर त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आजोबा दाढी शिकले ते गावच्या न्हाव्याचा हात पाहून. ते म्हणतात, "आपली आपुन केली यात काय मोठेपणा? कापलं तर आपलंच कापतंय. दुसऱ्याच्या नरड्यावर वस्तरा धरायचा आन् ओरखडा उठू द्यायचा न्हाय, ती इद्या." स्वतः रेझर हाती धरल्यावर मला या वाक्याचा अर्थ कळला. हनुवटीखालचा तो एक वळसा, जिथे केसांची दिशा तीनदा बदलते, तो स्वतःला साधायला मला वर्ष लागले. दिवसाला वीस-पंचवीस अनोळखी गळ्यांवर तोच वळसा बिनचूक घेणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? 'हजाम' म्हणतो, आणि तोही शिवीसारखा! नालायक माणसाला हा शब्द वापरतो. फुकट गेलेल्या वेळाला 'हजामती करणे' म्हणतो. आळशी मुलाला घरोघर आणि क्वचित वर्गातही ऐकवले जाते, "शिकला नाहीस तर हजामती करत बसशील." जे काम दोन दिवसांत शिकता येत नाही, ते न शिकणाऱ्याची शिक्षा म्हणून कसे सांगता येते, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

या समाजाचा इतिहास आपल्याच मातीत आहे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवरायांवर झालेला वार परतवणारा जिवा महाला नाभिक होता. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो आणि लगेच पुढच्या वाक्यात 'हजाम' म्हणून कोणाची तरी टिंगल करतो. संत सेना न्हावी यांनी तर आपल्या धंद्यातल्या आरशाला विवेकाचे आणि चिमट्याला वैराग्याचे रूप देऊन अभंग रचला. आपल्या कामाची लाज वाटणाऱ्याला हे सुचत नाही.

अर्थात चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. बलुतेदारीच्या काळात न्हाव्याला सुगीच्या वेळी धान्य मिळे, पण त्याचा वस्तरा त्याचा नसे, तो गावकीचा असे. कोणाची दाढी करायची आणि कोणाची नाही, हे गावकी ठरवी. अस्पृश्य मानलेल्यांच्या गालाला गावच्या न्हाव्याचा हात लागत नसे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत प्रिटोरियातला एक प्रसंग सांगितला आहे. गोऱ्या केशकर्तनकाराने त्यांचे केस कापायचे नाकारले. दाढी ते विलायतेत शिकलेच होते. आता त्यांनी केस कापायचे यंत्र आणून आरशासमोर केसही स्वतःच कापले. मागची बाजू बिघडली, कोर्टातले मित्र हसले. पण गांधींनी त्या केशकर्तनकाराला दोष दिला नाही. आपल्या देशात आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची सेवा करू देत नाही, त्याचेच हे फळ आपल्याला मिळाले, असे त्यांनी लिहिले. स्वावलंबनाच्या धड्याबरोबर त्यांनी आत्मपरीक्षणाचा धडाही घेतला, हे विशेष.

आणि याच वस्तऱ्याने एकदा 'नाही' म्हणून इतिहास घडवला. विधवेचे केशवपन ही रूढी तेव्हा घरोघर होती. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली सुरू केलेल्या 'सुधारक'मधून या रूढीवर लेखणी चालवली. पण केशवपन लेखणीने होत नसे, वस्तऱ्याने होई. तो ज्यांच्या हातात होता त्यांनीच १८९० साली मुंबईत सभा भरवली. पुढाकार होता गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. शेकडो नाभिक जमले आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. लोखंडे ज्या सत्यशोधक समाजाचे, त्याची स्थापना १८७३ साली करणाऱ्या जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, म्हणजे आमच्याच खटाव तालुक्यातले. या ठरावाने रूढी एका दिवसात संपली नाही, हे खरे. पण शिकल्यासवरल्या घरांतून ज्या गोष्टीवर नुसते वाद झडत होते, ती गोष्ट पोट हातावर असलेल्या माणसांनी आपली मिळकत पणाला लावून नाकारली. याला मी शिक्षण म्हणतो.

आता अलीकडचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि केशकर्तनालये बंद झाली. जूनच्या अखेरीस राज्यात ती उघडली, पण केस कापण्यापुरती. दाढीला तेव्हा मुभा नव्हती. घरोघरचे पुरुष आरशासमोर उभे राहून दाढी शिकले आणि 'पैसे वाचले' म्हणून खूशही झाले. ते वाचलेले पैसे कोणाच्या चुलीतले होते, हा हिशेब फार थोड्यांनी केला.

माझ्या एका मित्राच्या घरची चूल त्या चुलींपैकी एक. त्याच्या वडिलांचे गावाकडे छोटे दुकान आहे. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने 'शेती' लिहिले होते. घरी शेत गुंठाभरही नाही. तरी कोणाला तरी कळलेच. स्नेहसंमेलनातल्या शेलापागोट्यात त्याला एक गंजका वस्तरा मिळाला. सभागृह हसले. तो उठून गेला. रात्री मी खोलीवर गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बाबांनी माझी फी या वस्तऱ्यावर भरली. यात हसण्यासारखं काय आहे?" मला उत्तर देता आले नाही, कारण त्या प्रश्नाला उत्तर नव्हतेच.

साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र राबली, एकत्र जेवली. 'कमवा आणि शिका' हे शब्द त्यांनी या भागाला दिले. श्रमप्रतिष्ठेवर आम्ही निबंध लिहितो, वक्तृत्व स्पर्धेत ढाली मिळवतो. त्याच भागातल्या कॉलेजात एका मुलाला बापाचा धंदा फॉर्मवर लिहिता येत नसेल, तर त्या ढालींचे आम्ही काय करायचे?

कोणी म्हणेल, विनोदाला एवढे मनावर कशाला घ्यायचे? विनोद जरूर व्हावा. प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत कोणाच्याही लकबीवर व्हावा. पण ज्या विनोदासाठी जात आणि बापाचे कष्ट ही दोनच भांडवले लागतात, तो विनोद नव्हे, ती खरोखरीची बिनपाण्याची हजामत. आणि तीही ज्याने काही बिघडवले नाही त्याची.

म्हणून माझी साधी सूचना आहे. दाढी राखणाऱ्यांनी खुशाल राखावी, करणाऱ्यांनी स्वतः करावी, पण एकदा तरी ब्रश, साबण आणि एका ब्लेडने, घाई न करता करून पाहावी. हनुवटीखालच्या वळशाशी हात अडखळला की क्षणभर थांबावे आणि रोज हे काम दुसऱ्यासाठी करणाऱ्या हाताची आठवण करावी. संमेलनाच्या समितीने शेलापागोटी वाचण्याआधी जातीधंद्यावरची बाजूला काढावीत. आणि आमच्या गुरुजनांना नम्र विनंती, की आळशी विद्यार्थ्याला रागवायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. 'हजामती करशील' एवढे मात्र म्हणू नये. कारण आमच्यातले कित्येकजण ते काम करायला गेले, तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचा कान कापतील.