ऋतुधर्म आणि मौन

‘ऋतु’ आणि ‘ऋत’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. पहिल्याचा अर्थ नियत काळ, दुसऱ्याचा सृष्टीचा नियम. असें असतां ऋतुधर्माविषयीं आमच्या घरांत सरळ बोलण्याची चाल नाहीं. ‘कावळा शिवला’ म्हणून वेळ मारून न्यावी, दुकानांतून आणलेली वस्तु कागदांत गुंडाळावी व पुरुषमंडळींनीं दुसरीकडे पाहावें, हा परिपाठ. या मौनास आपण मर्यादा म्हणतों. पण त्याची किंमत मुलींना द्यावी लागते.

इंग्लंड हा सधन देश. तथापि पॅड घेण्यास पैसे नाहींत म्हणून तेथील कांहीं मुली दरमहा शाळा बुडवितात, हें २०१७ सालीं अमिका जॉर्ज या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या वाचनांत आलें. ही लंडनची, घराणें मूळचें केरळांतलें. तिनें सरकारास उद्देशून अर्ज लिहिला व त्यावर लोकांच्या सह्या मिळविण्यास आरंभ केला. त्याच डिसेंबरांत पंतप्रधानांच्या निवासस्थानाजवळ सुमारें २,००० लोक तांबडा पोशाख करून जमले; त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. अखेर जानेवारी २०२० पासून इंग्लंडांतील सरकारी शाळांतून हें साहित्य विनामूल्य मिळूं लागलें. आपल्याकडेहि पॅडवरील १२ टक्के कर जुलै २०१८ मध्यें उठला, तो उघड मागणी झाल्यावरच.

मुलांनीं असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणाव्या काय, असें कोणी वडीलधारे विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, माजघरांत ऐकणारें कोणी असतें, तर चव्हाट्यावर जाण्याची वेळ आली नसती.

बाहेर बसण्याची चाल पुष्कळ घरांतून गेली. संकोच मात्र गेला नाहीं. संकोचामुळें धुतलेलें कापड उन्हांत न वाळवितां अडगळींत दडपलें जातें, आणि तें ओलसर कापड अपाय करितें. संकोचामुळेंच अतिस्राव मुली लपवितात व रक्तक्षयानें फिकट पडतात. ज्या वेदनेनें शाळा चुकते, ती सोसावयाची नव्हे, डॉक्टरांस सांगावयाची आहे, हें मुलीस कोणीतरी आधीं सांगितलें पाहिजे.

सुधारणेस सभा नको. वाणसामानाच्या यादींत साखर-चहाबरोबर ही वस्तुहि लिहिली जावी. आणि यादी घेऊन आजोबा दुकानीं गेले, तर त्यांनींहि ती इतर जिनसांप्रमाणेंच मोकळ्या आवाजानें मागावी.