जलाश्व : तोफा मोजणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले जहाज

आजचा धागा आरमारावरचा आहे आणि नेहमीपेक्षा थोडा लांब आहे. पंचगंगेच्या काठी बसून समुद्राविषयी लिहिणे काहींना विचित्र वाटेल. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की १८१२ पर्यंत सिंधुदुर्ग आणि मालवण बंदर करवीरकर छत्रपतींच्या ताब्यात होते. त्या वर्षाकडे आपण पुढे येऊच.

मराठा आरमारावर मराठीत लिहिलेले बहुतेक धागे एकाच प्रश्नापाशी घोटाळतात : गुराबेवर तोफा किती होत्या? आधुनिक नौदलाविषयी बोलतानाही हीच सवय आपली पाठ सोडत नाही. क्षेपणास्त्रांचा पल्ला, विमानवाहू नौकेवरील विमानांची संख्या, पाणबुड्यांची तुलना. माझे मत निराळे आहे. जिथे बंदर नाही, धक्का नाही, स्वागताला कोणी उभे नाही, अशा किनाऱ्यावर किती माणसे आणि किती सामान सुखरूप उतरवता येते, हा आरमाराच्या ताकदीचा अधिक कठोर निकष आहे. आपल्याच इतिहासाने तो घालून दिला आणि आपणच तो विसरलो.

फेब्रुवारी १६६५ आठवा. शिवाजी महाराज मालवणहून स्वतः जहाजांतून निघाले आणि सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेस, आजच्या उडुपी जिल्ह्यातील बसरूरवर जाऊन पोहोचले. कारवारच्या इंग्रज वखारीतील पत्रात या ताफ्याची नोंद आहे : ८५ लहान लढाऊ नौका आणि ३ मोठी जहाजे. हा आकडा आपण सर्वत्र वाचतो. त्याच पत्रातील पुढचा तपशील मात्र क्वचितच कोणी उद्धृत करतो. बसरूर लुटल्यानंतर महाराज गोकर्णास उतरले, बहुतेक ताफा परत पाठवला आणि सुमारे ४,००० पायदळासह जमिनीवरून कारवारकडे निघाले. त्या वेळी त्यांनी १२ नौका मुद्दाम मागे ठेवून घेतल्या. कशासाठी? वाटेतल्या नद्या आणि खाड्या सैन्याला ओलांडता याव्यात म्हणून. समुद्रातून जमिनीवर आणि जमिनीवरून पुन्हा पाण्यात, असा संपूर्ण मोहिमेचा हिशेब आधीच मांडलेला होता. मला ८५ या आकड्यापेक्षा १२ हा आकडा अधिक बोलका वाटतो.

हे शक्य झाले ते नौकांच्या बांधणीमुळे. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराब आणि गलबत यांचे जे वर्णन केले आहे, त्यात गुराब लांबीच्या मानाने बरीच रुंद आणि अतिशय कमी पाण्यात तरणारी होती. गलबते त्याहून लहान, ४०-५० वल्ह्यांनी चालणारी. उथळ तळ हा दर्यावर्दी युरोपीयांना दोष वाटे, कारण अशी नौका भर समुद्रात झोकांड्या खाते. कोकणच्या खाड्यांत मात्र तोच गुण ठरला. १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा त्यांच्याकडे तोफा भारी होत्या. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्यामधून वाट काढत बेटावर माणसे आणि रसद उतरवत राहिल्या. खांदेरी वाचली ती या फेऱ्यांमुळे. तोफांनी वाचली असे म्हणणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

आता ‘आयएनएस जलाश्व’ या जहाजाकडे वळू. नावाचा अर्थ पाण्यातला घोडा, म्हणजे आपला पाणघोडा. जमीन आणि पाणी दोन्हीकडे वावरणारा प्राणी; नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. लांबी सुमारे १७४ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे १७,००० टन. हे ‘लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक’ प्रकारचे जहाज आहे आणि त्याचे मर्म ‘डॉक’ या शब्दात आहे. याच्या पोटात चक्क एक गोदी आहे. किनाऱ्यापासून दूर उभे राहून जहाज आपल्या बॅलास्ट टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते. पिछाडी हळूहळू खाली बसते. मागचा प्रचंड दरवाजा उघडतो आणि समुद्र आत शिरतो. आत ठेवलेली चार सपाट तळाची लँडिंग क्राफ्ट तरंगू लागतात आणि एकामागून एक बाहेर पडतात. प्रत्येकीत एक रणगाडा किंवा मोठ्या संख्येने जवान. त्यांचे तोंड किनाऱ्याला टेकले की पुढची फळी खाली पडते आणि वाहने थेट वाळूवर उतरतात. वर हेलिकॉप्टरांसाठी डेक आहे, आत सुमारे १,००० सैनिकांची सोय आहे, शिवाय रुग्णालय आहे.

थोडक्यात, मोठे जहाज खोल पाण्यात आणि उथळ तळाच्या होड्या किनाऱ्याशी. बसरूरला जी श्रमविभागणी तीन मोठ्या जहाजांनी आणि ८५ लहान नौकांनी केली, ती इथे एकाच पोलादी पोटात सामावली आहे. तंत्र अर्थातच सर्वस्वी निराळे, पण अडचण तीच : किनारा.

ही अडचण किती जीवघेणी असते, हे डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारजवळ दिसले. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या नौकांतून गुरखा सैनिक उतरवण्याचा प्रयत्न झाला. या नौकांना स्वतःच किनाऱ्याला टेकावे लागते. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर त्या अडल्या. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये खोल पाणी होते. अंगावर ओझे घेऊन उतरलेल्यांपैकी काही जवान बुडाले. शौर्याची उणीव नव्हती. उतरवण्याचे साधन आणि किनाऱ्याची माहिती अपुरी पडली. विजयाच्या जल्लोषात हे प्रकरण झाकले गेले. आपल्या धाग्यांतही ते सहसा येत नाही.

योगायोग असा की त्याच १९७१ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या नौदलात ‘ट्रेन्टन’ हे जहाज दाखल झाले. पुढे जानेवारी १९९१ मध्ये मोगादिशू शहर पेटलेले असताना ‘ट्रेन्टन’ आणि ‘ग्वाम’ या जहाजांच्या साहाय्याने अमेरिकी वकिलातीतून २८१ जणांना हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले. २००६ मध्ये ते लेबनॉनमधून नागरिक हलवत होते. २००४ च्या त्सुनामीने अशा जहाजाची निकड भारतालाही जाणवली होती. २२ जून २००७ रोजी हेच ‘ट्रेन्टन’ ‘जलाश्व’ म्हणून भारतीय नौदलात आले. किंमत सुमारे ४.८४ कोटी डॉलर. नव्या जहाजाच्या मानाने स्वस्तच म्हणायचे.

स्वस्ताईचा हिशेब पुढे द्यावा लागला. पहिल्याच वर्षी, फेब्रुवारी २००८ मध्ये, जहाजावर विषारी वायूची गळती होऊन नौसैनिकांचे प्राण गेले. त्याच वर्षी नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालाने जुने जहाज पुरेशा तपासणीविना घेतल्याबद्दल आणि वापरावरील अटी मान्य केल्याबद्दल ताशेरे ओढले. आक्रमक कारवाईवर निर्बंध आणि परकीय तपासणीचा अधिकार, या त्या अटी. स्वतःच्या आरमाराचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे बोचायला हवे. तरीही खरेदी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात याच जहाजाने मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणले. नौदलाच्या इतर बहुतेक जहाजांना एका फेरीत एवढी माणसे घेऊन निघणे सोपे गेले नसते.

खरा दोष पुढे घडला. या प्रकारची चार जहाजे देशात बांधण्याचा प्रस्ताव दशकाहून अधिक काळ फायलींतून फिरतो आहे. निविदा निघाली, मागे घेतली गेली, २०२१ मध्ये पुन्हा नव्याने माहिती मागवली गेली. दरम्यान सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेपासून स्फूर्ती घेतलेला अष्टकोन आला, डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन सिंधुदुर्गावर साजरा झाला. दोन्हींचा मला आनंद आहे. परंतु ध्वज बदलायला लागणारा वेळ आणि जहाज बांधायला लागणारा वेळ यांत फार अंतर असते.

‘क्षेपणास्त्रांच्या युगात एवढे मोठे, संथ जहाज म्हणजे आयते लक्ष्य’, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. जलाश्वला स्वसंरक्षणापुरतीच शस्त्रे आहेत. युद्धात विनाशिकांच्या संरक्षणाशिवाय ते शत्रूच्या किनाऱ्याकडे फिरकणार नाही. पण यावरून निघतो तो निष्कर्ष एवढाच की एकाच जहाजावर सारी मदार ठेवू नये.

आता १८१२. त्याआधी १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी समुद्रातून येऊन सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले. करवीरच्या जिजाबाई राणीसाहेबांशी तह होऊन १७६६ मध्ये पैशांच्या मोबदल्यात तो परत मिळाला. १८१२ च्या तहात मात्र मालवण गेले ते गेलेच. शिवाय कोल्हापूरने लढाऊ नौका बाळगू नयेत, असेही कलम त्यात होते. किल्ला गेल्याचे दुःख आपण आजही करतो, नौकांच्या कलमाकडे कोणी पाहत नाही. माझ्या मते कोल्हापूर समुद्राला पारखे झाले ते त्या कलमाने.

त्यानंतर नौदल आमच्या जिल्ह्यात दिसले ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. शिरोळ तालुक्यात गावे पाण्याने वेढली गेली होती आणि नौदलाची पथके रबरी होड्या घेऊन आली होती. तिथेही बंदर नव्हते. उथळ, सपाट होड्या घरांच्या भिंतींशी टेकत होत्या आणि माणसे एकेक करून आत घेतली जात होती.