चूक साहेबांची, भरपाई जनतेची?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली ही गोष्ट आहे. पण आपल्याकडे कुठल्याही सरकारी कचेरीत वर्षभर काढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

२०२० च्या सप्टेंबर अखेरीस तिथले अॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्याच कार्यालयातले आठ वरिष्ठ अधिकारी एफबीआयकडे गेले. आपला साहेब निवडणुकीला देणगी देणाऱ्या एका बांधकाम व्यावसायिकासाठी पद वापरतो आहे, ही त्यांची तक्रार. पुढच्या काही आठवड्यांत काहींना काढून टाकले, काहींनी स्वतःहून नोकरी सोडली. काढलेल्या चौघांनी सूडाच्या कारवाईविरुद्ध दावा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड ठरली: ३३ लाख डॉलर, आणि त्यांना बदमाश कर्मचारी म्हटल्याबद्दल माफी. पैसे कोण देणार? राज्याची तिजोरी. साहेबांनी विधिमंडळाकडे तशी मागणीच केली.

विधानसभेच्या सभापतींनी हात आखडला. साहेबांच्याच पक्षाच्या आमदारांनी चौकशी सुरू केली, आणि मे महिन्यात १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये सिनेटने त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. पॅक्स्टन आरोप नाकारतात, हेही नोंदवले पाहिजे. पण पुढे त्यांच्याच कार्यालयाने न्यायालयात लिहून दिले की दाव्यातल्या वस्तुस्थितीला आम्ही आव्हान देणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये निकाल लागला. चौघांना ६६ लाख डॉलर. रक्कम दुप्पट झाली, देणारा मात्र तोच: कर भरणारा माणूस.

आता कायद्यातली गंमत पाहा. टेक्सासच्या या कायद्याखाली दावा लावायचा तो खात्यावर, साहेबावर नाही. सूड घेणाऱ्या वरिष्ठाला स्वतःच्या खिशातून दंड आहे, पण जास्तीत जास्त १५ हजार डॉलर. आणि त्या दंडासाठी दावा लावण्याचा अधिकार ज्यांना दिला आहे, त्यांत पहिले नाव अॅटर्नी जनरलचेच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

काही मित्र आम्हाला म्हणतील, तिजोरीतून दिले नाहीत तर त्या बिचाऱ्यांना मिळणार काय? प्रश्न रास्त आहे. नोकरी गेलेल्या माणसाने साहेबाची मालमत्ता जप्त होईपर्यंत दहा वर्षे थांबावे, असे आम्ही म्हणत नाही. तिजोरीने आधी द्यावे. पण तिथेच फाईल बंद का व्हावी? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात वाट दाखवली आहे: छळ झालेल्या नागरिकाला सार्वजनिक पैशातून ताबडतोब भरपाई द्या, आणि मग ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा. त्यातला पहिला अर्धा भाग सगळ्यांना आवडतो. दुसरा अर्धा कुठल्या कपाटात जातो?

मराठी वर्तमानपत्रे अशा तक्रारदाराला 'जागल्या' म्हणतात. गावकीत रात्रीची राखण करणारा तो जागल्या. हे काम बहुतेक आपल्याच माणसांच्या वाट्याला होते, आणि गावात चोरी झाली की पहिला जाबही त्यालाच विचारला जायचा. आज कचेरीतही तेच चालते. सामाजिक कामात आम्ही अशी माणसे जवळून पाहिली आहेत. राखीव जागेवर आलेला कारकून बिलातली गडबड लेखी दाखवतो, आणि महिन्याभरात त्याची बदली होते, गोपनीय अहवाल बिघडतो. त्याच्या हाती ३३ लाख डॉलर सोडा, पोचपावतीसुद्धा पडत नाही. त्याच्यासाठी केलेला जागल्या संरक्षण कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. लागू मात्र झालेला नाही.

संविधान सभेत बाबासाहेबांनी महालेखापालाला राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते, कारण जनतेचा पैसा कुठे गेला हे पाहणारा तो. म्हणून आमची मागणी साधी आहे. सूडाच्या प्रकरणात सरकारने भरपाई दिली की त्याच आदेशात तीन गोष्टी लिहाव्यात: रक्कम, सूड घेणाऱ्याचे नाव, आणि त्याच्या पगारातून वा निवृत्तिवेतनातून होणाऱ्या वसुलीचा हप्ता. तो आदेश कचेरीच्या फलकावर लागावा. आणि २०१४ चा कायदा लागू करण्याची तारीख सरकारने जाहीर करावी.