‘काही नाही’ हे निदान नव्हे

धंतोली-रामदासपेठेतील दवाखान्यांत फाइल काखेत घेऊन फिरणारे काही रुग्ण नेहमी आढळतात. कार्डिओग्राम निर्दोष, रक्त निर्दोष, एक्स-रे निर्दोष. तरीही छातीत कळ येते, हातांना मुंग्या येतात. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून डॉक्टर मोकळे होतात, घरचे त्यास सोंग म्हणतात आणि रुग्ण नव्या तपासणीची वाट धरतो.

वस्तुतः हे दुखणे खोटे नसते. भीती वाटताच शरीरात अॅड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद चालते, स्नायू आखडतात. श्वास वेगाने होऊ लागला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यानेच मुंग्या व भोवळ येते. या लक्षणांतून नवी भीती उपजते आणि चक्र फिरत राहते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

अर्थात, तपासणीपूर्वीच मनाकडे बोट दाखविणे घातक होय. स्वतःला आजारी समजणाऱ्या माणसाची थट्टा करणाऱ्या आपल्या नाटकात मोलिएर १६७३ मध्ये स्वतःच ती भूमिका करीत होता. तो मात्र खरोखरच आजारी होता आणि चौथ्या प्रयोगानंतर त्याच रात्री मरण पावला. म्हणून योग्य तपासणी एकदा अवश्य व्हावी. पण तिचा निर्वाळा मिळाल्यावर त्याच तपासण्या पुनःपुन्हा करणे म्हणजे भीतीला खतपाणी घालणेच. त्यापुढचा उपाय मानसोपचारांत आहे. विचारांची व वर्तनाची घडी बदलणाऱ्या उपचारांनी, गरजेनुसार औषधांनी, अनेकांना आराम पडतो.

नागपुरात त्याची सोय नाही असे नाही. १८६४ पासूनचे मनोरुग्णालय येथे आहे. मेडिकल व मेयोत मनोविकार विभाग आहेत. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलिमानस’ सेवाही विनामूल्य मिळते. अडसर आहे तो ‘लोक वेडा म्हणतील’ या धास्तीचा. परीक्षेच्या तोंडावर पोट धरून बसणारा विद्यार्थी किंवा रोज रक्तदाब मोजणारा कारकून वेडा नसतो. तो पीडित असतो. तेव्हा अहवाल निर्दोष आला की डॉक्टरांनी रुग्णाला हे चक्र दोन मिनिटे समजावून सांगावे व पुढची वाट दाखवावी. एवढे न करता उच्चारलेले ‘काही नाही’ हे निदान नव्हे, ती केवळ बोळवण होय.