आधी शॉवर, मग मुटका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात पोहण्याच्या बॅचेस भरतात. रंकाळ्याजवळच्या महापालिकेच्या अंबाई टँकपासून उपनगरांतल्या खासगी तलावांपर्यंत पोरांचा गलका सुरू होतो आणि तो ऐकून मला मनापासून बरं वाटतं. वीरधवल खाडे याच शहराचा. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं. जलतरणात त्याआधीचं आपलं आशियाई पदक १९८६चं होतं.

पण आपल्या पिढ्या पोहायला शिकल्या त्या पंचगंगेत आणि विहिरीत, पाठीला डबा बांधून. त्या पाण्यातल्या सवयी आपण तलावात तशाच आणल्या. तोंडातलं पाणी तिथंच थुंकायचं, नाक तिथंच शिंकरायचं, घामेजल्या अंगानं थेट मुटका मारायचा. तलावाचं पाणी कुठं वाहून जात नाही. तेच फिल्टरमधून फिरून परत येतं.

तलावावर उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन भरपूर टाकलंय, पाणी स्वच्छ असणार. खरं तर उलटंच असतं. घामातल्या आणि लघवीतल्या युरियाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. तो वास त्यांचा. डोळ्यांची आग आणि खोकलाही बहुतेकदा त्यांच्यामुळेच. जंतू मारायला हवं असलेलं क्लोरीन असं भलतीकडेच खर्ची पडतं. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो. म्हणून पोट बिघडलेल्या मुलाला, फी भरलीय म्हणून, पाण्यात सोडू नका.

उतरण्याआधी मिनिटभर डोक्यावरून शॉवर घेतला तरी अंगावरची बरीचशी घाण निघून जाते. केसांचं तेल धुवावं, टोपी घालावी, लहानग्यांना मध्ये मध्ये लघवीला न्यावं. तालमीत चपला घालून हौदाच्या मातीत कुणी पाय ठेवत नाही, वस्ताद ठेवू देत नाहीत. तीच अदब या पाण्याला का नाही?

पोहणाऱ्याच्या अंगावर उडी नको, लेन आडवी कापणं नको. बायकांच्या बॅचच्या वेळी कठड्याशी रेंगाळणं, मोबाइल काढणं मात्र सक्तीनं बंद करायला हवं. टक लावून बघणाऱ्या नजरांपायी मुलींचं पोहणं सुटतं, आणि याची मला फार चीड आहे.

सगळं पोहणाऱ्यांवर ढकलून चालणार नाही. शॉवरलाच पाणी नसेल तर कुणाला काय सांगणार? मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. उघड्या तलावात कडक उन्हानं क्लोरीन झपाट्यानं कमी होतं. सकाळचा आकडा दुपारच्या बॅचला उपयोगाचा नाही. प्रत्येक बॅचआधी मोजणी करून ती वेळेसह तिकीट खिडकीशेजारी फळ्यावर लिहावी. फळा कोरा दिसला तर पालकांनी फी भरण्याआधी तो आकडा मागावा.