दुसऱ्या छपराखाली

पावसाळा चढला की कोल्हापुरात माणसं भेटल्यावर आधी तब्येत विचारत नाहीत, राजाराम बंधारा विचारतात. "किती फुटावर हाय?" पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ वर धोका, हे आकडे आमच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आणि ज्यांची दुकानं शाहूपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत आहेत, त्यांच्याकडे आणखी एक माप असतं : मागच्या पुराची भिंतीवरची खूण.

आमच्या अब्बांचे एक जुने दोस्त शाहूपुरीत मोटार-पंपांचे सुटे भाग विकतात. बेअरिंग, बुश, इंपेलर, केबल. त्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते, आणि जीएसटी आल्यापासून त्यांचे रिटर्न भरते. मी घरातूनच काही दुकानांचे हिशेब बघते, हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. चाचांच्या दुकानात २००५ च्या पुराची खूण तेलरंगाने काढलेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा सगळ्यांनी मिळून माल त्या खुणेच्या हातभर वर चढवला. कॉम्प्युटर टेबलावरून उचलून सर्वांत वरच्या रॅकवर ठेवला. हिशेबाचा बॅकअप ज्या पेनड्राइव्हवर होता तो गल्ल्यात होता. चाचा सावध माणूस. त्यांनी गल्लासुद्धा उचलला आणि कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवला.

नदीने भिंतीवरची खूण वाचली नाही. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद होता, दूध-भाजी येईना. १२ ऑगस्टला बकरी ईद होती, तेव्हा पाणी पुरतं ओसरलंही नव्हतं. (२०२१ च्या जुलैत ते ५६ फुटांपर्यंत गेलं, तेव्हाही ईद होऊन दोन-तीन दिवसच झाले होते. २०१९ ची नवी खूणही त्या वेळी कामाला आली नाही.)

शटर उघडलं तेव्हा रॅक आडवा पडला होता आणि सगळ्यावर चिखलाचा थर होता. दुकानातल्या पोराने चांगल्या मनाने कॉम्प्युटर धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि बटण दाबलं. एक करकर आवाज आला आणि बंद. हे इथेच सांगून टाकते, कारण पुराच्या गावात हे कुणालाही उपयोगी पडेल. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून वाचणारी सुई धुराच्या कणापेक्षाही कमी अंतरावरून तरंगत जाते. आत चिखल वाळला की तो सँडपेपर होतो. भिजलेली डिस्क उन्हात ठेवायची नाही, तांदळात पुरायची नाही आणि चालू तर अजिबात करायची नाही. तशीच ओली, हवाबंद पिशवीत घालून डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायची. पाण्याने जेवढं जात नाही तेवढं आपल्या घाईने जातं.

राहिला पेनड्राइव्ह. तो चिखलात सापडला आणि, अल्लाहची मेहरबानी, वाळवल्यावर उघडलासुद्धा. सगळे आनंदले. मी फाइलची तारीख बघितली : मार्च २०१८. त्यानंतरचा एकही बॅकअप नाही, कारण पेनड्राइव्ह भरला होता. कशाने? चाचांच्या पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओने. दर शनिवारी पोरगा बॅकअपची आज्ञा देत होता, पडद्यावर काहीतरी इंग्रजीत येत होतं, तो "ओके" दाबून घरी जात होता. सतरा महिने.

खरी परीक्षा पुढे होती. विम्याचा सर्व्हेअर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, पुराच्या दिवशी दुकानात माल किती होता? बुडालेला माल डोळ्यांसमोर होता, पण जो वाहून गेला त्याचं काय? शिवाय बुडालेल्या मालावर आधी घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, ते किती हेही नोंदींवरूनच ठरतं. मग आम्ही उलट्या दिशेने निघालो. पुरवठादारांनी भरलेली बिलं जीएसटीच्या पोर्टलवर २ए मध्ये दिसत होती, त्यावरून खरेदी निघाली. आमच्याच जीएसटीआर-१ वरून विक्री निघाली. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला मालाचं पत्रक द्यावं लागतं, त्याची बँकेत पडलेली प्रत मिळाली. तीन आठवडे गेले, पण चित्र बऱ्यापैकी उभं राहिलं. नीट बघितलं तर हे सगळे चाचांच्या हिशेबाचे असे तुकडे होते जे सुदैवाने दुसऱ्याच्या छपराखाली होते.

जे परत आलं नाही ते म्हणजे उधारी. पंप दुरुस्त करणारे मिस्त्री आणि शेतकरी हे चाचांचं अर्धं गिऱ्हाईक. उसाचं बिल आलं की पैसे मिळणार, असा हा व्यवहार. हे लोक जीएसटीत नोंदलेले नसतात, त्यामुळे रिटर्नमध्ये त्यांची छोटी बिलं एकगठ्ठा जातात, नावं नसतात. सरकारच्या कॉम्प्युटरलाही माहीत नाही की शिरोळकडच्या कोणत्या शेतकऱ्याने कोणती मोटार नेली. दुकानात एक जुनी उधारीची वही होती. तिची पानं चाचींनी पंख्याखाली एकेक सुटी करून वाळवली. बॉलपेनने लिहिलेलं वाचता आलं. शाईच्या पेनाने लिहिलेलं निळ्या डागासारखं उरलं. बरेच लोक आपणहून येऊन पैसे देऊन गेले, त्यांत काहींची स्वतःची घरं पडलेली होती. काही आले नाहीत. त्यांच्याकडे खरंच नव्हते की त्यांना कळलं होतं की नोंद उरली नाही, हे विचारायची चाचांची तयारी नव्हती.

पण चाचांना झोप लागत नव्हती ती येणं बुडालं म्हणून नाही. "बेटी, मी कुणाचं देणं आहे तेही त्यातच होतं गं." ज्यांच्याकडून रोखीने, तोंडी बोलीवर माल घेतला होता त्यांची आठवण काढत ते संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरले आणि विचारत राहिले, माझ्याकडे तुमचं काही बाकी आहे का? पुढच्या रमजानमध्ये जकात काढायला बसले तेव्हा तोच प्रश्न. माल, येणं, देणं, तिन्ही अंदाजाने. सूरह बकरामधली २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे आणि ती उधार-उसनवारीची लेखी नोंद कशी करावी याबद्दल आहे. तिच्यात साक्षीदार एक नाही, दोन सांगितले आहेत. मी ती अनेकदा ऐकली होती. तिचा आणि पेनड्राइव्हचा संबंध मला त्या वर्षी कळला.

पूर दहा-पंधरा वर्षांत एकदा येतो असं आपण मानत होतो, तेही आता खरं नाही. पण पूर नसतानाही हिशेब जातातच, आणि बहुतेक वेळा फार साध्या कारणाने. कुणी जुनं वर्ष समजून चालू वर्षाची फाइल पुसतं. लाइट जाते, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली असते, आणि नोंद चालू असतानाच मशीन बंद पडून फाइल बिघडते. आमच्या ज्या भगिनी घरातून मसाले, शिलाई, डब्यांचा व्यवसाय करतात त्यांचा सगळा हिशेब मोबाइलवर असतो : ऑर्डर व्हॉट्सॲपवर, मापं फोटोत, बाकी डोक्यात. तो मोबाइल बसमध्ये राहिला की व्यवसायच बसमध्ये राहिला.

आणि एक कारण आता इतकं वाढलं आहे की त्यावर थांबायलाच हवं. "बिल जोडले आहे" असा ईमेल येतो, कुणीतरी उघडतं, आणि सकाळी सगळ्या फाइलींना कुलूप. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. फुकटात मिळालेलं, चोरीचं सॉफ्टवेअर हाही अशा पाहुण्यांचा आवडता दरवाजा. इथे लोक म्हणतात, आमचा बॅकअप तर कायम जोडलेलाच असतो! म्हणूनच तोही जातो. मशीनला चोवीस तास लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही तेच कुलूप बसतं.

यात मोठ्यांचंही फसतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा असाच एक हल्ला जगभर पसरला. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली, आणि त्याची झळ आपल्या न्हावा शेवापर्यंत आली. जेएनपीटीवरचं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. या कंपनीचं सगळं जाळं ज्यांच्यावर चालायचं अशी सुमारे दीडशे मशीन्स जगभर होती आणि ती सतत एकमेकांची नक्कल ठेवत होती. एक गेलं तर दुसरं आहे, असा हिशेब. पण सगळी एकदमच गेली. उरलं फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातलं, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते जाळ्याच्या बाहेर होतं! तिथली डिस्क माणसाच्या हातून, विमानाने इंग्लंडला नेली आणि त्या एका प्रतीवरून कंपनी परत उभी राहिली. लाइट गेली म्हणून आपण किती चिडतो.

म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या दहा प्रतींपेक्षा सुटी, दूर ठेवलेली एक प्रत जास्त कामाची. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी आपोआप जाणारी प्रत जरूर ठेवा, १५ जीबीपर्यंत तिला पैसेही पडत नाहीत. पण ती मर्स्कच्या मशीन्ससारखी नक्कल आहे हे ध्यानात ठेवा. दुकानात फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. तिथल्या कचऱ्याच्या डब्यात ती ३० दिवस राहते, आणि कित्येकदा चूक लक्षात येते ती रिटर्न भरताना, दोन महिन्यांनी.

चाचांकडे आता दोन छोट्या बाहेरच्या डिस्क आहेत. एक दुकानात, एक घरी, आणि त्यांचं घर उंचावर, मंगळवार पेठेत आहे. शुक्रवारी जुम्याला जाण्याआधी पोरगा बॅकअप घेतो, डिस्क काढतो, चाचा ती खिशात घालून नमाजला जातात आणि तिथून जेवायला घरी. संध्याकाळी घरची डिस्क दुकानात येते. दोन्ही एका वेळी एका छपराखाली राहतात त्या तेवढ्या दोन-तीन तासांत, आणि त्याही घरी. डिस्कवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : "लग्न नाही." उधारीची यादी दर महिन्याला छापून माझ्याकडे येते, कागदावर. मोबाइलवाल्या भगिनींनी एवढं तरी करावं : चॅटचा बॅकअप चालू आहे का ते बघावं आणि महिन्याच्या शेवटी बाकीची यादी एका साध्या वहीत उतरवावी. बॉलपेनने.

कायद्याचंही सांगते, कारण "आमचं छोटं दुकान, आम्हाला काय" हे मी फार ऐकते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, हिशेब जपावे लागतात. आणि नियम ५७ म्हणतो की कॉम्प्युटरवर हिशेब ठेवत असाल तर अपघाताने किंवा निसर्गाच्या कोपाने ते नष्ट झाले तरी वाजवी वेळेत परत उभे करता येतील असा बॅकअप ठेवा. पूर आला हे कारण त्या नियमाने आधीच गृहीत धरलेलं आहे.

बॅकअप उघडून बघण्याचं काम मात्र चाचा टाळत होते. "दर शुक्रवारी होतोय की, आता उघडून काय बघायचं?" शेवटी गेल्या ईदला सगळे घरी जमले असताना मीच डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. दुकानातल्या मशीनवर कधी उघडून बघू नका, नाहीतर जुनी प्रत चालू हिशेबावर बसते. तपासणी दुसऱ्या मशीनवरच करायची. फाइल आली, तारीख बरोबर होती, आणि पडद्यावर चौकट आली : पासवर्ड. टॅलीचं हे कुलूप असं आहे की पासवर्ड विसरला तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. चाचांनी पोराकडे बघितलं, पोराने चाचांकडे. तो पासवर्ड लावला होता त्याच्या आधीच्या पोराने, जो नोकरी सोडून पुण्याला गेला होता. दुकानातल्या मशीनवर तो कुणीतरी कधीतरी साठवून ठेवला होता, त्यामुळे वर्षभर कुणाला टाइप करायची वेळच आली नव्हती.

फोन लावला. नशिबाने त्याने उचलला, आधी ईद मुबारक म्हणाला, मग हसत हसत पासवर्ड सांगितला. चाचांनी तो तिथल्या तिथे कागदावर लिहिला, घडी घातली आणि कुठे ठेवावा म्हणून घरभर बघितलं. शेवटी चाचींच्या दागिन्यांच्या डब्यात गेला. चाची म्हणाल्या, "आणि हा डबा पुराच्या वेळी कुणाच्या घरी ठेवायचा, ते पण आजच ठरवा."